मेळाव्याहून परतताना पदरात काय हवे?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळजवळच्या भारी येथे बचत गटांच्या महिलांचा फार मोठा मेळावा झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राज्यातल्या साडेपाच लाख महिला बचत गटांना ८२५ कोटी रुपयांचा फिरता निधी देण्यात आला. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात झरी-जामणीच्या पोडापासून पुसद-दिग्रसच्या तांड्यापर्यंत बचत गट पोहोचले आहेत. त्यामुळे असा मेळावा इथे व्हावा, हे योग्यच होते. मात्र त्या दिवशीचा आकडा प्रत्येकीने आपल्या गटापर्यंत आणून पाहायला हवा. ८२५ कोटींना साडेपाच लाखांनी भागले, की एका गटाच्या वाट्याला सरासरी १५ हजार रुपये येतात. गटात दहा जणी असतील तर एकीमागे दीड हजार. शिवाय ही रक्कम वाटून घ्यायची नसतेच. ती गटातच कर्जरूपाने फिरवायची असते, म्हणून तर तिला फिरता निधी म्हणतात.

हा हिशेब निधीला कमी लेखण्यासाठी मांडलेला नाही. गरजेच्या वेळी गटातून मिळालेले पाच-सात हजार रुपये सावकाराचे दार टाळायला मदत करतात. पण मेळाव्याला जाणाऱ्या बाईने मनाशी एक गोष्ट पक्की करावी. व्यासपीठावरून जाहीर होणारी रक्कम आपला उद्योग उभा करत नाही. मेळाव्यात मिळालेली माहिती, झालेली ओळख आणि तिथे सुचलेला हिशेब गटाच्या पुढच्या बैठकीत निर्णय म्हणून लिहिला गेला, तरच तो दिवस कामी आला. तालुक्याचा मेळावा असो, जिल्ह्याचे विक्री प्रदर्शन असो की मुंबईचे महालक्ष्मी सरस, हे सगळीकडे लागू आहे. म्हणून जाण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर काय करावे, ते क्रमाने पाहू.

निघण्यापूर्वी

मेळाव्याला कोण जाणार, हे बैठकीत ठरवा. दरवेळी अध्यक्ष आणि सचिवच जातात आणि बाकीच्यांना ऐकीव माहितीवर भागवावे लागते. एक अनुभवी आणि एक नवी अशी जोडी पाठवा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट लागते, त्यामुळे दुसरीचा प्रवासखर्च गटाला जड जाणार नाही.

जाणाऱ्या दोघींकडे तीन प्रश्न लिहून द्या. ‘योजनांची माहिती घेऊन या’ एवढे सांगून काही हाती लागत नाही. प्रश्न नेमका हवा. ‘आपल्या डाळ मिलच्या यंत्राला कोणत्या योजनेत अनुदान मिळेल आणि अर्ज कुठे करायचा?’ ‘शंभर ग्रॅमच्या पाकिटाला सीलिंगचे कोणते यंत्र पुरते?’ ‘आपली चटणी यवतमाळच्या दुकानात ठेवायची तर दुकानदार किती टक्के घेतो?’ असे प्रश्न घेऊन गेलेली बाई योग्य माणसापाशी जाऊन उभी राहते आणि उत्तर घेऊनच परतते.

सोबत एक वही, मालाचे नमुने आणि गटाचा एक कागद घ्या. त्या कागदावर गटाचे नाव, गाव, तालुका, उत्पादने, महिन्याला किती माल तयार होऊ शकतो आणि संपर्क क्रमांक एवढेच लिहा. मोठा खरेदीदार भेटला तर त्याला पहिल्यांदा हेच हवे असते.

भाषणे ऐकताना

मेळाव्यात ‘लखपती दीदी’ हा शब्द हमखास कानी पडतो. २५ ऑगस्ट २०२४ रोजी जळगावच्या संमेलनात ११ लाख नव्या लखपती दीदींना प्रमाणपत्रे दिली गेली. याचा नेमका अर्थ प्रत्येकीला ठाऊक हवा. ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न एक लाख किंवा त्याहून अधिक आहे आणि ते एखाद्या हंगामापुरते न राहता किमान चार हंगाम टिकले आहे, त्या घरातली गटाची सदस्य लखपती दीदी ठरते. इथे उत्पन्न म्हणजे खर्च वजा जाता उरलेली कमाई. एक लाखाचे पापड विकले आणि ऐंशी हजार खर्च झाले, तर कमाई वीस हजारच. उलाढाल आणि कमाई यांतला हा फरक समजला, की यशोगाथा ऐकताना पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: ‘ताई, सगळा खर्च जाऊन महिन्याला हातात किती उरतात?’ तो जरूर विचारा. चांगली उद्योजिका मोकळेपणाने उत्तर देते.

यशस्वी बाईचे कौतुक करताना तिची सुरुवातही विचारून घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. देणगीसाठी कुणाच्या दारात जायचे नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका अक्षर शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो. परवाना मिळाला. गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या आपल्या भगिनी मेळाव्यात मागच्या रांगेत बसतात आणि ‘आम्हाला काय येते’ म्हणून गप्प राहतात. त्यांना हे आवर्जून सांगा. हिशेब त्यांना येतो. तो मांडायची सवय तेवढी करायची आहे.

स्टॉल मांडताना आणि पाहताना

आपला स्टॉल असेल तर दोघींपैकी एकीने विक्री सांभाळावी आणि दुसरीने नोंदी. कोणते पाकीट किती गेले, किती उरले, गिऱ्हाईक काय विचारून न घेताच निघून गेले, हे त्याच दिवशी लिहा. पाव किलोचे पाकीट पडून राहिले आणि शंभर ग्रॅमचे संपले, तर पुढच्या वेळी काय भरायचे ते कळते. ‘तिखट कमी असलेली आहे का?’ हा प्रश्न दहा जणांनी विचारला, तर नवा माल कोणता काढायचा ते कळते. ही माहिती दिवसाच्या गल्ल्यापेक्षा मोलाची आहे, कारण गल्ला त्या दिवसापुरता असतो.

मग पाळीपाळीने इतर स्टॉल पाहायला निघा. खारोड्या, मुंगवड्या, सरगुंडे, जवसाची चटणी, अंबाडीचे सरबत, मोहफुलांचे लाडू अशा आपल्यासारख्याच मालाच्या स्टॉलवर थांबा. वजन, भाव, पाकीट आणि चव यांची आपल्या मालाशी तुलना करा. एखादे पाकीट विकत घेऊन गावी न्या आणि बैठकीत सगळ्यांना चाखायला द्या. शेजारच्या तालुक्यातल्या गटाचा माल चांगला असेल तर त्यांच्याशी ओळख करा. मोठी ऑर्डर आली की दोन गटांनी मिळून ती पुरवता येते.

घाऊक खरेदीदार भेटला की आनंदाच्या भरात लगेच होकार देऊ नका. माल किती आणि कोणत्या तारखेला हवा, आगाऊ रक्कम किती, बाकीचे पैसे किती दिवसांत, वाहतूक कोणाच्या खर्चाने आणि न विकलेला माल परत येणार का, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहा आणि त्याच दिवशी ती खरेदीदाराला मोबाइलवर संदेशाने पाठवा. बोलणे लेखी असले की नंतर वाद होत नाही. महिन्याला वीस किलो माल निघत असेल तर वीसच सांगा. पहिली ऑर्डर वेळेवर आणि एकसारख्या दर्जाची गेली, तर दुसरी मागावी लागत नाही.

आपल्या श्रमाची मजुरी धरा

बचत गटांच्या हिशेबातली सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःची मजुरी न धरणे. उदाहरणाने पाहू. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब करा.

समजा, दहा किलो जवसाची चटणी करायची आहे. जवस, तिखट, लसूण, मीठ आणि भाजताना येणारी घट मिळून कच्च्या मालाचे २,००० रुपये. गॅस आणि वीज १५०. शंभर ग्रॅमची शंभर पाकिटे लेबलसह ४०० रुपये. दोघींची एक दिवसाची मजुरी प्रत्येकी ३०० धरून ६००. बाजारात नेण्याचा खर्च ३५०. एकूण ३,५०० रुपये. म्हणजे एका पाकिटाचा खर्च ३५ रुपये.

आता मजुरी आणि प्रवास सोडून दिला, तर खर्च २,५५० दिसतो, म्हणजे पाकिटामागे साडेपंचवीस. मग गट भाव ठेवतो ३० रुपये आणि समजतो, की साडेचार रुपये सुटले. वास्तविक प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये गमावले. बायकांचा दिवसभराचा घाम त्या भावात फुकट गेला. दोन-तीन महिने असे चालले की ‘या धंद्यात काही राम नाही’ म्हणून एकेक जण बाजूला होते.

खरा भाव काढताना दुकानदाराचा हिस्साही मोजा. छापील किंमत ६० रुपये ठेवली आणि दुकानदाराने चौथा हिस्सा घेतला, तर गटाला ४५ मिळतात. ३५ खर्च वजा जाता दहा रुपये उरतात. हेच पाकीट आठवडी बाजारात स्वतः विकले तर जास्त सुटतील, पण मग विकणाऱ्या बाईचा दिवसही हिशेबात घ्यावा लागेल. ६० रुपये गिऱ्हाइकाला जास्त वाटत असतील, तर कच्चा माल हंगामात घाऊक घ्यावा किंवा एका वेळी जास्त माल करावा. मजुरीला मात्र कात्री लावू नका.

पाकीट बोलके हवे

गावात ओळखीवर माल विकला जातो. जिल्ह्याच्या बाजारात पाकीट आपल्या वतीने बोलते. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, बनवल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत, बॅच क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, अन्न नोंदणी क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क द्या. वजनकाटा वैधमापन विभागाकडून तपासून घ्या. शंभर ग्रॅम लिहून पंच्याण्णव भरले तर कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय गटाचे नावही जाते.

‘उद्यम’ नोंदणीही करून घ्या. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. कुणी या नोंदणीसाठी शुल्क म्हणून हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

कर्ज आणि अनुदान नीट समजून घ्या

मेळाव्यात योजनांची पत्रके पुष्कळ मिळतात. त्यातल्या दोन योजना आपल्या कामाच्या आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचा वाटा ५ टक्के असतो. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूदही तिच्यात आहे. योजनांच्या मुदती आणि नियम बदलतात. म्हणून अर्जापूर्वी पहिल्या योजनेसाठी जिल्हा उद्योग केंद्रात आणि दुसरीसाठी कृषी विभागात चौकशी करा.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. या योजनांत अनुदान कर्जाला जोडलेले असते. आधी बँकेने कर्ज मंजूर करायला हवे. रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत वेगळी ठेवली जाते आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात वळती होते. ‘पस्तीस टक्के माफ’ असे ऐकून यंत्र घेतले आणि धूळ खात ठेवले, तर कर्ज पुरते अंगावर येते.

बँक गटाची नोंदवही पाहते. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि नीट नोंदी या पाच गोष्टींवर गटाची पत ठरते. वही अपुरी असेल तर मोठ्या ओळखीचाही उपयोग होत नाही. या पाच गोष्टी नीट असलेल्या गटाला तारण न ठेवता कर्ज मिळू शकते.

आठवड्याच्या हप्त्याने मिळणारे खासगी कर्ज मात्र जपून घ्या. पापडाचा पैसा उन्हाळ्यात आणि दिवाळीत येतो, तर हप्ता दर आठवड्याला असतो. मग एक कर्ज फेडायला दुसरे काढावे लागते. सूक्ष्म वित्त कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून नियम केला आहे, की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. ती कायद्याने ठरलेली वरची मर्यादा आहे. शेतीवर चालणाऱ्या घराने त्याच्याही बरेच खाली राहावे.

यवतमाळचे वेळापत्रक वेगळे आहे

पुण्या-मुंबईच्या वक्त्या ‘रोज चार तास उद्योगाला द्या’ असे सांगतात. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली, की बायका पहाटेपासून वावरात असतात. नेमकी त्याच काळात दसरा-दिवाळीची मागणी असते. म्हणून उत्पादनाचे वर्ष आधीच आखा. फेब्रुवारी ते मे हा वाळवणाचा काळ आहे. पापड, कुरडया, शेवया, खारोड्या तेव्हाच करून ठेवा. तूर हाती आली की डाळ करून विका, कारण तूर तशीच बाजार समितीत गेली तर तिच्यावरच्या प्रक्रियेची कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते. मोह, चारोळी आणि डिंक या रानमेव्याचा हंगामही आधीच नोंदवून ठेवा.

विक्रीच्या जागा आपल्याच जिल्ह्यात आहेत. यवतमाळचा दुर्गोत्सव, कळंबचे चिंतामणी मंदिर, गावोगावचे उरूस आणि यात्रा, तालुक्याचे आठवडी बाजार यांची यादी करा आणि कुठे कोण जाणार ते आधीच ठरवा. गिऱ्हाईक मोबाइलने पैसे देते, तेव्हा गटाच्या खात्याचा क्यूआर कोड स्टॉलवर हवाच.

नाव आणि सही बाईची

जिल्ह्यातल्या अनेक घरांत कर्त्या पुरुषाच्या आत्महत्येनंतर शेत, कर्ज आणि मुले यांचा भार एका बाईवर आला. त्या घरांनी सोसलेले पाहून एक धडा सगळ्यांनी घ्यायला हवा. बाईच्या नावावर कागद नसेल तर संकटात तिला कुठेच उभे राहता येत नाही. म्हणून नोंदणी, बँक खाते, पॅन आणि भाडेकरार तिच्या नावावर हवेत. खात्याला जोडलेला मोबाइल तिच्या हातात हवा आणि त्याचा पिन तिलाच ठाऊक हवा. शेताच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत आहे, त्याबाबत तलाठ्याला विचारा. घरच्या माणसांनी मदत जरूर करावी. माल पोहोचवावा, यंत्र दुरुस्त करावे, लेकरे सांभाळावीत. सही मात्र जिचा धंदा, तिचीच असावी.

परतल्यावर आठ दिवसांत

मेळाव्यातला उत्साह गावात पोहोचेपर्यंत टिकतो. पुढे घर, गुरे आणि वावर यांत तो विरतो. म्हणून आठ दिवसांच्या आत गटाची बैठक घ्या. गेलेल्या दोघींनी वही वाचून दाखवावी. नेलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली का, ते सांगावे. भेटलेल्या माणसांना त्याच बैठकीतून फोन लावावा. मग एकच निर्णय घ्या आणि तो तारखेसह इतिवृत्तात लिहा. ‘या महिन्यात अन्न नोंदणी करायची, जबाबदारी सचिवाची’ एवढा साधा निर्णयही चालेल. सगळ्या योजना एकदम धरायला गेले की एकही तडीस जात नाही.

अडले तर विचारायला माणसे आहेत. गावातली समुदाय संसाधन व्यक्ती, ‘उमेद’ या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा तालुका कक्ष, १९७५ पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम आणि कृषी विज्ञान केंद्र. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत तर राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळते. ही आपल्या हक्काची दारे आहेत. संकोच न करता ती ठोठावा, आणि एकदा काम झाले नाही तर पुन्हा जा.

मैत्रिणींनो, यवतमाळचा कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवताना सर्वाधिक हात आपलेच राबतात. त्या पिकांवर प्रक्रिया करून मिळणारी कमाईही आपल्याच हातात यायला हवी. पुढच्या मेळाव्याला जरूर जा, पण जाताना प्रश्न घेऊन जा, येताना हिशेब घेऊन या आणि आठ दिवसांत कामाला लागा.